अर्धा उंडो

औषधाला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण औषध तोंडात न घालता त्याचे सगळे त्रास भोगून दाखवणारा माणूस मी एकच बघितला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. गोळीनं मळमळतं असं कुणी सांगितलं की गोळी अजून म्हापशाच्या दुकानात असायची आणि ह्याला इकडे धारगळात मळमळायला लागायचं. चक्कर येते म्हटलं की हा लगेच खांब धरायचा. एकदा कुठल्याशा मलमानं कातडी लाल होते असं ऐकलं, तर नळीचं टोपण न काढताच ह्याचा डावा गुडघा लाल झाला. मी वाकून बघितलं. खरंच लाल होता, कारण सकाळपासून लाल झाला का, लाल झाला का करत तो चोळून चोळून बघत बसला होता. मी जन्मभर डिचोली-सुर्ला रस्त्यावर खनिजाचा ट्रक चालवला. भरलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर गेलेला मी बघितलाय, आणि तरी संध्याकाळी घरी जाऊन जेवलोय. पण ह्या माणसाच्या शेजारी पाच मिनिटं बसलं की मीही आपली नाडी धरून बघायला लागायचो. बायको त्याला दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणतो. तो मला भावोजी म्हणतो. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि भीतीनं वीस वर्षांनी.

त्याचं घर धारगळला हमरस्त्याला लागून. दाराशी एक बाकडं, बाकड्यावर नारळ, हंगामात चिबूड आणि तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि त्यामागे दादा. गिऱ्हाईक चिबुडाचा भाव विचारायचं आणि हा त्याला विचारायचा, तुमका वात आसा काय, कारण चिबूड थंड. असा धंदा करणारा माणूस उपाशी मरायचा, पण ह्याला गावात मान होता तो त्याच्या बोटांचा. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, शहाळ्यांची पेंड, सुपारीचं शिपटं, असं जे जे मिळेल ते बांधतात. तिला माटोळी म्हणतात. बांधायला सुतळी चालत नाही, रानातल्या केवणीच्या झाडाच्या सालीचा दोर लागतो. तो ओला असताना बांधायचा, आणि वाळला की सैल पडतो. सगळ्यांचा पडतो, दादाचा पडत नसे. त्याची गाठ कशी असते ते मी कितीदा डोळे फाडून बघितलं. बोटं अशी काही फिरायची की शेवटी गाठ दिसायची आणि कृती दिसायची नाही. वाड्यावरच्या बारा-पंधरा घरांतल्या माटोळ्या तो एकटा बांधायचा. वहिनी म्हणायची, "घरातला खिळो मारूक ह्येंका वेळ नाय, गावचे गणपती मात्र ह्येंच्या हाताशिवाय बसनत नाय."

तर नेमकी त्याच बोटांना सूज आली. आधी सकाळची, मग दुपारपर्यंत टिकणारी. मूठ मिटेना. आमच्या भागात पाव घेऊन सायकलवर पोदेर येतो, त्याच्याकडचा कडक कवचाचा गोल पाव, त्याला उंडो म्हणतात. तो दादा रोज चहाबरोबर हातानं मोडून खायचा. तो मोडेना. मग दादानं उंड्याचंच माप केलं. उंडो मोडला म्हणजे त्याची सकाळ झाली, तोवर तो कुणाशी बोलायचा नाही. म्हापशाच्या सांध्यांच्या डॉक्टरकडे मी त्याला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरानं विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात.

"पोदेर येता तेच्यापासून नळ जायसर," दादा म्हणाला.

"म्हणजे किती मिनिटं?"

"ता पंचायतीक विचारूक व्हया."

डॉक्टर हसला नाही, ते बरं केलं. त्यानं हात उलटेपालटे करून बघितले, रक्त तपासलं, आणि सांगितलं की हा साधा वात नव्हे, हा सांधे आतून खातो. दुखणं मारायच्या गोळ्यांनी हा थांबत नाही. त्याच्यावर एक बारीक गोळी आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, एका ठरलेल्या वारी, जेवणानंतर. रोज घेतली तर घात होईल, हे त्यानं तीनदा सांगितलं आणि माझ्याकडूनही म्हणवून घेतलं. गुण दिसायला दोन-अडीच महिने लागतील. मधेमधे रक्त तपासायचं, म्हणजे गोळीनं आत काही बिघडत असेल तर ते आधी कळतं. दारू अजिबात नाही. दादा उभ्या जन्मात प्यायला नाही, पण इथे त्याचा चेहरा उतरला. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, मी रोज सांजेक सांध्यांक फेणी चोळतंय. चोळलेली फेणी पोटात जाता काय?"

डॉक्टर म्हणाला, नाही जात. दादा बाहेर आला आणि बसस्टँडपर्यंत मला विचारत राहिला की डॉक्टर लगेच नाही म्हणाला की जरा थांबून म्हणाला. मी म्हटलं, लगेच. तो म्हणाला, "मगे इचार करूक नाय तेणी."

मग कागदाचं प्रकरण. गोळीच्या पेटीत घडी घातलेला पातळ कागद असतो, मुंगीच्या पायासारखी अक्षरं. लोक तो फेकतात. दादानं तो उलगडला, इस्त्री केल्यासारखा हातानं साफ केला आणि गावातल्या मास्तराकडे नेला. आपलं वेगळं राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. भाषेसाठी लोकांनी रस्ते अडवले होते, एका घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कोकणी राजभाषा झाली, मराठीचंही राखलं म्हणाले, पण गोळीचा कागद काही इंग्रजी सोडीना. दादानं त्यावर सरकारला अर्ज लिहायला घेतला: कागद मराठीत हवा, कोकणीत दिला तरी चालेल, पण भिण्याची गोष्ट माणसाला आपल्या भाषेत कळली पाहिजे. तो अर्ज अजून त्याच्या फळीवर आहे, पत्ता कुणाचा घालायचा ते ठरलं नाही. मास्तरानं मात्र कागद पूर्ण वाचून दाखवला, आणि तिथे त्यानं आमचा घात केला. तोंड येतं, केस गळतात, मळमळ, लिव्हर. दादाच्या डोक्यावरचे केस चाळीशीतच गेले होते, तरी तो रोज उठून उशी तपासायचा. गरोदर बाईनं ह्या गोळीपासून लांब राहावं असं कागदात होतं. सून सणालाच घरी यायची आणि तिला तसलं काही नव्हतंही, पण खबरदारी म्हणून त्यानं पेटी घरातून काढून गोठ्यात नेली. तिथं ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की गाय गाभण आहे. मग पेटी डब्यात घालून माडाला टांगली. वहिनी म्हणाली, "ह्येंका गोळी नको, कागद व्हयो. उद्या कागदच उकडून देतंय."

पण खरी गंमत वाराची. आठवड्यातून एक वार निवडायचा, एवढंच काम. सोमवार शिवराक, म्हणजे मासळी बंद, त्यात दादाचा उपास. गोळी जेवणानंतरची आणि उपासाला जेवण कुठलं. मंगळवार देवीचा, तोंडात औषधाची चव घेऊन देवळात कसं जायचं. बुधवारी मासळी. मासळी उष्ण, गोळी उष्ण, दोन उष्ण एका पोटात गेले तर आत काय पेटेल सांगता येत नाही. गुरुवार दत्ताचा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, बसमध्ये चक्कर आली तर नारळाच्या पोत्यासकट खाली. शनिवार मारुतीचा, आणि मारुती असल्या भित्र्या औषधावर रागावतो असं त्याचं म्हणणं. उरला रविवार.

"रविवारी घेवा मगे," मी म्हटलं.

"रविवारी डॉक्टर नसता. काय झाला तर बघतलो कोण?"

अशी ती गोळी सात वार फिरून पुन्हा सोमवारावर यायची, आणि सोमवार शिवराक. शिगम्याच्या सुमाराला आणलेली गोळी आषाढ लागला तरी माडावरच होती. मी दर बुधवारी डिचोलीच्या बाजारातून मासळी घेऊन त्याच्याकडे जायचो. बायको गेल्यापासून मला एकट्याला बांगडा भाजून खायचा कंटाळा येतो. खरं म्हणजे घरात बसायचाच कंटाळा येतो. दर बुधवारी मी पहिला त्याच्या हाताकडे बघायचो. उजव्या हाताची दोन बोटं करंगळीकडे वळायला लागली होती. डॉक्टर म्हणाला होता, एकदा वळली की परत येत नाहीत. म्हणजे हा माणूस वार शोधत बसणार आणि बोटं तेवढ्यात निघून जाणार. मला झोप लागेना. घरातलं एक माणूस डोळ्यांदेखत जाताना बघितलंय, आता हे आणखी बघायचं नव्हतं.

त्या बुधवारी मी गेलो तेव्हा तो सोप्यावर बसून नारळाला केवणीचा दोर बांधून बघत होता. चवथीला दोन महिने होते. दोर बोटांतून निसटला आणि नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. तो उचलायला दादा उठला नाही.

"यंदा माटोळी दुसऱ्या कोणी बांधूची," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गोळी वायट काय करतली ता करतली, दादा. भीती आपला काम कधीच करून गेली. बोटां बघा तुमची. चार यत्ता शिकलेलो मी, माका कळता, तुमका कळणा नाय?"

त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "बायच्या गोळयांक कागद नव्हतो, भावोजी."

बाय म्हणजे त्याची बहीण. माझी बायको.

"सुटी पाकिटां ती. कागद असतो तर कोणीतरी वाचून दाखवलो असतो तिका. मूत्रपिंडाक धोको आसा म्हणान लिवलेला असता तेच्यात. मी मागसून मास्तराक विचारलंय. लिवलेला असता."

तिचे गुडघे दुखायचे. ट्रकवर कंबरेसाठी ज्या गोळ्या मी खायचो त्याच तिला द्यायचो, दुकानात मागितल्या की मिळायच्या. खाल्ल्या की ती उठून कामाला लागायची, मला वाटायचं बरं आहे. वर्षानुवर्षं खाल्ल्या तिनं. मग पाय सुजले, मग तोंड सुजलं, आणि रक्त तपासेपर्यंत उशीर झाला होता. हे मी कुणाकडे बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, "त्यो गोळयो मी हाडून दिलंय, दादा. सगळयो."

"नाय," तो म्हणाला. "पयला पाकीट मी दिलंय. ती चवथीक इल्ली, उठताना कळवळली. माझ्याकडे होता ता दिलंय. दुसऱ्या दिवशी नाचली फुगडी. तिणाच मगे तुमका नाव सांगल्यान."

तेव्हा मला आठवलं. गोळीचं नाव तिनंच मला सांगितलं होतं. मी समजत होतो ट्रकवाल्यांचीच गोळी, सगळ्यांना ठाऊक असेल. ती गेल्यापासून आठ महिने मी डिचोलीत आणि तो धारगळात, एकच पाकीट दोघांनी आपापल्या छातीवर ठेवून घेतलं होतं.

वहिनी चहा घेऊन आली. "दोघांय असे गप कित्याक? कोण मेला काय?" असं बोलून गेली, मग आमची तोंडं बघितली आणि कप खाली ठेवून जमिनीवरच बसली.

मग मी उठलो आणि माडावरची पेटी काढली. म्हटलं, "आज घेवची."

"आज बुधवार. मासळी उष्ण."

"मगे मासळी नको. मीय खायत नाय."

वहिनीनं बांगड्यांची आमटी चुलीवरून उतरवून शेजारच्या घरी नेऊन दिली. आम्ही तिघांनी डाळ-भात खाल्ला. दादानं गोळी तळहातावर घेतली, तिच्याकडे बघत म्हणाला, "पाच वाजोपर्यंत हंयसर बसा." आणि गिळली. मी पाच वाजेपर्यंत बसलो. त्याला काही झालं नाही. तीन वाजता तो झोपला, घोरायला लागला. मी मात्र त्याचं घोरणं जरा थांबलं की उठून त्याच्या नाकाशी हात धरायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो कागद हातात घेतला आणि न येणाऱ्या इंग्रजीत टकमक बघत बसलो. भीती त्याच्या अंगातून उठून माझ्या अंगात आली ती त्याच दुपारी. पाच वाजता तो उठला आणि जरा नाराजीनं म्हणाला, "काय झाला नाय, भावोजी." पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, मासळीचा आणि गोळीचा काही संबंध नाही, खा. पण तोवर आमचे चार बुधवार डाळ-भातावर गेले होते. मी दर बुधवारी जायचोच. गेलं की वहिनी आतून ओरडायची, "बुधवारची गोळी इली." रक्त तपासायलाही मीच न्यायचो. दादा सुईला भ्यायचा नाही. रिपोर्टाचं पाकीट उघडताना मी भ्यायचो आणि तो मला धीर द्यायचा.

चवथीला बोटं सगळी परत आली नाहीत. वळलेली दोन वळलेलीच राहिली. पण सूज उतरली, आणि हलकी फळं त्यानं स्वतः बांधली, फक्त घरच्या माटोळीपुरती. जड वस्तू माझ्या वाट्याला. तो खाली उभा राहून सांगायचा, असा घेवा, आतून काढा, आता वळवा, आणि मी स्टुलावर चढून बांधायचो. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी मी बांधलेला चिबूड सुटून भटजींच्या पाटाशेजारी फुटला. दादाला इतका आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. "बघा," सगळ्यांदेखत म्हणाला, "बोटां सरळ असान काय उपेग."

स्टुलावरून उतरताना माझा गुडघा कसा आखडला ते त्यानं तेव्हा बघितलं असणार. मी काही सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर मी एकटाच डॉक्टरकडे गेलो. दादाच्याच जातीचा वात निघाला, पण डॉक्टर म्हणाला, तुमचा धाकटा आहे, रोज एक गोळी घेतली तर आवरेल. मी पेटी आणली आणि ती महिनाभर पिशवीत घेऊन हिंडलो. माणसानं खरं सांगावं: उघडायचा धीर झाला नाही. ह्या हातानं एकदा गोळ्या दिल्या होत्या. एका बुधवारी पिशवीतून मासळीचं पुडकं काढताना पेटी खाली पडली. दादानं ती वाकून चिमटीत उचलली. त्या चिमटीकडे मी बघतच राहिलो. त्यानं पेटी हलवून बघितली, भरलेली वाजली.

"ही खंयच्या वाराची?"

"रोजची," मी म्हटलं.

त्यानं पेटी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "मगे रोज येवचा लागतला."

आणि आला. पेडण्याहून डिचोलीला जाणारी सकाळची बस धरून रोज यायचा, मला गोळी गिळताना बघायचा, तोंड उघडून दाखवायला लावायचा, आणि परतीच्या बसनं जायचा. बाकड्यावरचे नारळ तसेच. दहा-बारा दिवसांनी वहिनीनं त्याला सांगितलं, थंयच रवा आता, बिछानो पाठवतंय. तेव्हा यायचं थांबलं आणि दुसरं सुरू झालं. बसच्या कंडक्टरनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा उंडो आणून दिला. "अर्धो तेंच्याकडे आसा, अर्धो तुमका," म्हणाला. मी कड बघितली. सुरीनं कापलेला नव्हता, हातानं मोडलेला होता. म्हणजे आज त्याची बोटं चालली. मी तो चहात बुडवून खाल्ला आणि गोळी घेतली. त्यानंतर पोदेराच्या सुट्टीचा दिवस सोडला तर हे चुकलेलं नाही. अर्धा उंडो येतो, मी कड बघतो, मग गोळी घेतो. कुठे एकदम दोन तुकडे, कुठे कुरतडल्यासारखी कड. त्यावरून मला त्याची सकाळ कशी गेली ते कळतं.

परवा उंडो अख्खा आला.

कंडक्टरला विचारलं, त्याला काही ठाऊक नव्हतं, वहिनीनं दिला म्हणाला. मी गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली, कडी लावली आणि तीच बस परत फिरली तिच्यात बसलो. उंडो मांडीवर. वाटेत एका बाईनं विचारलं, कोणाक नेतास, तर मी तो वर्तमानपत्रात पुन्हा गुंडाळला. धारगळला उतरून घराकडे जाईपर्यंत गुडघा आहे की नाही ते कळलं नाही.

दादा सोप्यावरच होता. हात मांडीत, दोन्ही सुजलेले.

"आज मोडूक नाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "गोळी घेतलात?"

"नाय. अख्खो गावलो."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि उंडो मोडला. दिवसभराचा असल्यासारखा चिवट झाला होता, मलाही जोर लावावा लागला. अर्धा त्याच्या हातात दिला. त्यानं तो बोटांनी धरला नाही, दोन्ही तळव्यांत घेतला. संध्याकाळी डॉक्टरकडे जायचं ठरलं. मी खिशातली गोळी काढली.

आतून वहिनीनं विचारलं, "कोण इला?"

"बुधवारची गोळी," दादा म्हणाला.

"आज तर शनिवार."

"असूं दे," तो म्हणाला. "चलता."